देवकापसाचा डबा

रामनगरहून शांताक्काच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीवर नावं लिहून घेत होते. "मावशी गेली. सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी..." एवढंच तो बोलला. समोरच्या बाईचं नाव मी पूर्ण लिहिलं, मग आत जाऊन बसले. अक्का असती तर म्हणाली असती, आधी काम, मग रड. महिना झाला, अजून धड रडले नाही.

जोयडा तालुक्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात ती मुख्य नर्स आणि मी तिच्या हाताखाली नवी. तेव्हा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांची शिबिरं भरत. बायका जंगलवाटेने चालत येत आणि ऑपरेशन झाल्यावर सतरंजीवर ओळीने निजत. एकदा अक्काने डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "खाटा जेवढ्या, तेवढ्याच बायका. बाकीच्यांना पुढची तारीख द्या." वरून खरमरीत पत्र आलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि चादरी बदलायला गेली. हट्टी, फटकळ बाई. तिच्याबरोबर काम म्हणजे रोजची तोंडी परीक्षाच.

त्या परीक्षेत मी एकदा सपशेल नापास झाले. गुंदची पार्वती सासूबरोबर आली होती. दोन मुलगे, धाकटा काखेत, तापाने मलूल. मी विचारलं, "ऑपरेशनाला तयार हाईस न्हवं?" सासू म्हणाली, "व्हय, व्हय." पार्वतीने मान खाली घातली. मी तो होकार धरला आणि कागदावर अंगठा घेतला. मी याच भागातली. सासूपुढे सून मान वर करत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण यादी भरायची घाई... अक्काने कागद पाहिला, काखेतलं पोर पाहिलं, आणि परसातल्या देवकापसाचा डबा आणून सासूच्या मांडीवर ठेवला. "मावशी, देवळात वाती कमी पडल्यात. जरा भायेर बसून वळून देताव?" देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार! म्हातारी ओसरीवर गेली, अक्काने दार लोटलं आणि काही न विचारता बसून राहिली. बऱ्याच वेळाने पार्वती म्हणाली, "ह्यो जगतोय का न्हाई कळंना झालंय, अक्का. आत्ता नको."

अक्काने तिचं नाव यादीतून काढलं. तांबीची माहिती दिली, पार्वती हो म्हणाली तेव्हा ती बसवली, आणि नको वाटेल त्या दिवशी काढून मिळेल असंही सांगितलं. मला मात्र नंतर एकच वाक्य, "मंगल, मान खाली घालनं म्हंजे व्हय म्हननं न्हवं." मला राग आला, एका नावासाठी एवढं कशाला म्हणून. पावसाळ्यात ते पोर गेलं. बातमी कळली त्या दिवशी मी जुनी यादी काढून तिचं खोडलेलं नाव पुन्हा पाहिलं. काही दिवसांनी पार्वती तांबी काढायला आली, तिला आणखी एक मुलगा झाला, आणि मग ती आपणहून ऑपरेशनाला आली, एकटी. खाटेवर निजली.

डबा मात्र दवाखान्यातच राहिला. कितीतरी सासवांनी त्यातल्या कापसाच्या वाती वळल्या. निवृत्त झाल्यावरही अक्का रामनगरच्या बसमधून कापसाचं गाठोडं पाठवायची. शेवटचं गाठोडं आता जेमतेम दोन मुठी उरलंय.

गेल्या आठवड्यात पार्वती आली. केस पिकलेत. बरोबर सून होती, त्याच मागाहून झालेल्या मुलाची बायको, कडेवर तान्हं घेऊन. मी डब्यासाठी फळीकडे वळले, तर पार्वतीने तो आधीच काढून घेतला होता. "तुमी बोला. मी हाय भायेर," म्हणाली आणि दार तिनेच ओढून घेतलं. सुनेची मान खालीच होती. मी पेन बाजूला ठेवलं आणि ती बोलेपर्यंत गप्प बसून राहिले.