सात आठवडे न गाळलेलं पाणी

"पाय पाण्यात सोडून बस सुकलाल, आग कमी होईल," असं हेडमास्तर सांगत होते आणि मी बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहून ते ऐकत होतो. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. त्याच पायऱ्या उतरून वसतिगृहाचा पाणक्या रोज घागरी भरायचा आणि तेच पाणी साठ मुलं प्यायची. सुकलालच्या घोट्यातून नारू बाहेर आला होता. त्याच्या मॅट्रिकच्या परीक्षेला दहा दिवस उरले होते.

मी म्हणालो, "सुकलाल, पाय बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"का हो मास्तर?" हेडमास्तर म्हणाले. "पोराच्या पायाची लाही लाही होतेय."

माणूस दयाळू होता, हे मला आजही नाकारायचं नाही. पण त्या दयेचा मला इतका संताप आला की मी पायऱ्या उतरून सुकलालचा पाय स्वतःच पाण्याबाहेर काढला.

पाचोऱ्याहून पहूरकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या वाटेवरचं आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी सायन्स मास्तर होतो. खालच्या वर्गांना नेचर स्टडी आणि वरच्यांना फिजिऑलॉजी-हायजीन, म्हणजे शरीर आणि आरोग्य. गोष्ट इंग्रजी अमदानीतली. तेव्हा आमच्या भागात नारू इतका होता की लोकांना तो रोगच वाटत नसे. चैत्र-वैशाख आला की पायाला यायचाच, अशी समजूत.

आता नारू म्हणजे काय ते सांगतो, कारण आजच्या वाचकाने तो पाहिलेला नसणार. नारू हा एक जिवंत किडा. शेवयीसारखा पांढरा, दोन-दोन हात लांब. त्याची मादी माणसाच्या कातडीखाली सरकत सरकत पायापर्यंत येते आणि तिथे फोड आणते. फोडाची आग होते, म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. तिला तेच हवं असतं. पाणी लागलं की ती हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यात पाणपिसू नावाचा बारीक जीव असतो, तो ही पिल्लं खातो. ती पिसू पाण्याबरोबर आपल्या पोटात जाते. पिसू मरते, आतलं पिल्लू मरत नाही. ते अंगात वाढत राहतं आणि साधारण वर्षाने पायातून डोकं काढतं.

म्हणजे हेडमास्तर सुकलालची आग विझवत नव्हते. साठ मुलांच्या पुढच्या वर्षाची पेरणी करत होते.

नारू काढायची रीत म्हणजे काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. सुकलालला परीक्षेची घाई. त्याने एका दिवसात जोर लावला आणि किडा आत तुटला. घोटा भोपळ्याएवढा सुजला, ताप चढला. परीक्षा गेली. गावी ड्रेसिंगची सोय नाही म्हणून तो वसतिगृहातच पडून राहिला.

त्याचा बाप गाडी जुंपून आला. कोरडवाहू शेतीवरचा साधा माणूस. पोराच्या पायाकडे बघून मला म्हणाला, "मास्तर, यंदानी परीक्षा गई. पुढला वरीसले तरी बशी का हाऊ? घरमा हाऊ एकच पोऱ्या शिकेल शे."

"बसेल आबा," मी म्हणालो. "यंदा त्याने चांगलं पाणी प्यायलं, तर बसेल."

हे मी धीर द्यायला बोललो नव्हतो. हिशेबच तसा होता. पुढच्या मार्चात सुकलाल परीक्षेला चालत जाणार की नाही, हे या मार्चात आणि एप्रिलात तो काय पितो यावर ठरणार होतं.

शाळेत एक मायक्रोस्कोप होता. इन्स्पेक्टर आले की तो काढायचा आणि दसऱ्याला त्याला हार घालायचा, एवढाच त्याचा उपयोग. मी किल्ली मागून घेतली आणि बारवेच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला. मुलांनी रांगेने डोळा लावला. एकडोळी, दोन शेपट्यांची पाणपिसू टुणटुण उड्या मारताना दिसली. एक पोरगं म्हणालं, "सर, ही रोज आमच्या पोटात जाते?" मी म्हणालो, "हो. आणि धोतराच्या दुहेरी पदरातून पाणी गाळलं, तर वरच अडकते." त्याच संध्याकाळी मुलांनी हंड्यावर धोतरं बांधली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी ती सोडवली. मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही पोरांच्या डोक्यात काय भरवताय? वसतिगृहाला पैसा देणाऱ्या शेठजींनी वडिलांच्या नावाने बांधलेली बारव आहे ती. पाण्यात किडे आहेत असं गावभर झालं, तर त्यांना काय वाटेल?"

"किडे आहेतच. या, दाखवतो."

"मला बघायचं नाही. लेखी अर्ज द्या. कमिटीपुढे ठेवतो. तोवर गाळणं-बिळणं बंद."

"कमिटी कधी बसणार?"

"बसेल तेव्हा बसेल."

तळपायाची आग मस्तकाला गेली होती. तरी मी अर्ज लिहिला. पायऱ्या बंद करा, रहाट बसवा, पाणी गाळा. तीनच मागण्या. परस्पर शेठजींकडे जायचं नाही, गेलात तर नोकरी विसरा, असंही मला सांगण्यात आलं. घरी दोन मुली होत्या. मी भ्यालो. लपवत नाही.

सुकलालपुरता मी मार्ग काढला. रोज सकाळी घरून गाळलेल्या पाण्याची कळशी त्याच्या खाटेशी ठेवायचो. मग मॅट्रिकच्या परीक्षेच्या सुपरव्हिजनला मला धुळ्याला पाठवलं. आठ दिवस. जाताना वसतिगृहाच्या आचाऱ्याला बजावलं, "याचं पाणी गाळून द्या." तो "हो हो" म्हणाला.

परत आलो तरी अर्ज जागच्या जागी. मी रोज विचारायचो, हेडमास्तर रोज म्हणायचे, "घाई काय आहे?" घोडं पेंड कुठे खातंय ते मला एप्रिलच्या शेवटी कळलं. शाळेच्या कारकुनाने सांगितलं की अर्ज कमिटीकडे गेलेलाच नाही. हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. सात आठवडे.

त्या दिवशी नोकरीबिकरी सगळं विसरलो. मायक्रोस्कोप पिशवीत घातला, बारवेचं पाणी बाटलीत भरलं आणि पाचोऱ्याला शेठजींच्या घरी गेलो. जैन कुटुंब, राजस्थानातून येऊन दोन पिढ्या झालेल्या, जिनिंग फॅक्टरी. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ओसरीच्या कोपऱ्यात पितळी हंडा होता आणि त्याच्या तोंडावर जाड दुहेरी कापड बांधलेलं होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"शेठजी, तुमच्याकडे पाणी गाळून पितात?"

"गाळल्याशिवाय थेंब नाही," ते म्हणाले. "पाण्यातल्या जिवांची हिंसा नको, म्हणून. आमचा धर्मच आहे तो."

"मग तुमच्या वसतिगृहात का गाळत नाहीत?"

ते संकोचले. "बारव बांधली तेव्हा मनात आलं होतं. पण पोरं तुमच्या लोकांची. आपला नेम दुसऱ्यावर कशाला लादायचा? लोक म्हणतील, देणगी देऊन शेठ धर्म शिकवतो."

मी कपाळाला हात लावला. एकाने भीड पडून सांगितलं नाही, दुसऱ्याने भीड पडून विचारलं नाही, आणि मधल्या मध्ये पोरांचे पाय सडत होते. मी खिडकीशी मायक्रोस्कोप लावला. शेठजींनी चष्मा काढून डोळा लावला. मग म्हणाले, "काचेखाली हा मरतोय, मास्तर. याला परत पाण्यात सोडा." आणि लगेच, "हेडमास्तरांनी मला एक चिठ्ठी का नाही लिहिली?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फॅक्टरीतला गवंडी आला. चार दिवसांत पायऱ्या बुजल्या, वर रहाट बसला, आणि शेठजींच्या घरून जाड कापडाचं अख्खं ठाण आलं. त्यांना पाण्यातले जीव वाचवायचे होते, मला पोरं. कापड एकच लागलं. सात आठवडे जे होत नव्हतं ते चार दिवसांत झालं. बैल गेला नि झोपा केला, तो असा.

सुकलाल वर्षभर झटला. गणित माझ्याकडे करायला यायचा. पुढचा मार्च आला आणि परीक्षेच्या आधल्या आठवड्यात तो लंगडत माझ्या दारात उभा राहिला. या वेळी गुडघा होता. वसतिगृहात आणखी नऊ जणांचे पाय सुजले होते.

मी विचारलं, "मी धुळ्याला होतो तेव्हा आचाऱ्याने गाळून दिलं होतं का रे?"

तो खाली बघून म्हणाला, "हेडमास्तरांनी बंद केलंय, म्हणाला. आठ दिवस तहान कशी मारू सर?"

त्याच दुपारी हेडमास्तर मला व्हरांड्यात भेटले. चेहऱ्यावर समाधान होतं. "बघा मास्तर," ते म्हणाले, "वर्षभर गाळलं, तरी नारू आलाच. उगीच शेठजींना खर्चात घातलंत."

मी आयुष्यात वरिष्ठांवर एकदाच ओरडलो, ते तेव्हा. "हे गेल्या मार्चाचं पाणी आहे," मी म्हणालो. "तुमच्या ड्रॉवरमधलं." सगळे वर्ग बाहेर आले. माझी एक वर्षाची पगारवाढ रोखली गेली.

त्याच्या पुढच्या वर्षी वसतिगृहात एकालाही नारू झाला नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. हेडमास्तरांनी वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख केला, स्वतःच्या देखरेखीखाली म्हणून. सुकलालचा गुडघा वाकायचा तो कायमचा बंद झाला. मॅट्रिक न देताच तो बापाच्या गाडीत बसून गावी गेला.

पुढे वीस वर्षं मी शिकवलं. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या सायन्स मास्तरला मी एवढंच सांगायचो की वरिष्ठांना अर्ज जरूर द्यावा, पण त्याच्या उत्तराची वाट बघत पोरांना तेच पाणी पाजू नये.