दिल्लीमार्गे

नागपुरातल्या आमच्या इमारतीत केंद्र सरकारची विभागीय कार्यालयं एकावर एक रचली आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आम्हाला चौथ्या मजल्याकडून साधी माहिती हवी असली, तरी पत्र आधी आमच्या दिल्लीला जातं, तिथून त्यांच्या दिल्लीला, आणि मग आमच्याच डोक्यावर येऊन उतरतं. माझा तर संताप होतो.

जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळे मजले गच्चीवर हिवाळ्यातल्या उन्हात बसतात. काल माझ्या शेजारच्या टेबलावरच्या नायरबाईंनी डबा उघडलाच नाही. त्यांची गुवाहाटीला बदली झाली होती. "तिथं मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही हो," एवढंच म्हणाल्या.

चौथ्या मजल्यावरचे बरुआ गुवाहाटीचेच. त्यांनी अर्धवट सोललेलं संत्रं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि घरी फोन लावला. बराच वेळ आपल्या भाषेत बोलले. मग बाईंना म्हणाले, "आई वरची खोली झाडून ठेवतेय. विचारते, मासे चालतात ना?"

"केरळच्या बाईला हे विचारायचं?" नायरबाई हसल्या.

बरुआंनी संत्रं पुन्हा सोलायला घेतलं आणि सगळ्यांना एकेक फोड दिली. ती चघळत मी जिना उतरलो. पत्रं जाऊ देत बापडी दिल्लीमार्गे.