जुनी मांडणी

आमच्या बागप्रेमींच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने नवं रूप घेतलं, आणि बायको म्हणाली, "अहो, माझ्या मैत्रिणी कुठं गेल्या?" पूर्वी पडद्यावर पंधरा प्रश्न दिसत, आता मोठ्या फोटोंमुळे जेमतेम दोन, तेही सर्वांत जास्त पसंतीचे.

मी व्यवस्थापकांना कळवलं. उत्तर आलं, "काका, जुनी मांडणी ठेवलीय. पानाच्या तळाशी टिचकी मारा. आठ-दहा जणच वापरतात, पण असू दे."

टिचकी मारली. प्रश्न पुन्हा पंगतीसारखे बसले, जो आला तो पुढच्या पाटावर. मान बघून पान वाढणं नाही. शेवटी एका नवख्या बाईंचा प्रश्न होता: कढीपत्ता वाळतोय, कुणी सांगेल का? उत्तर एकही नव्हतं.

"अगं बाई, हिला कुणी विचारलंच नाही!" म्हणत बायकोने चष्मा चढवला आणि सविस्तर उत्तर लिहिलं.

आठ-दहा जणांसाठी आख्खी मांडणी जपणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी हिशेबी माणूस. तरी त्या न पाहिलेल्या व्यवस्थापकांचे मी मनोमन आभार मानले.

संध्याकाळी त्या बाईंनी लिहिलं, "ताई, मला वाटलं इथं कुणी राहतच नाही."