मेहुण्यांची बिनकागदाची जीप

बिबट्याला न घाबरणारा आणि झेरॉक्सच्या दुकानाला घाबरणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ आहे. बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला त्यांचं गाव. गोठ्यामागे बिबट्या हिंडतोय असं कळलं तेव्हा मेहुणे नुसत्या बनियनवर, हातात काठी घेऊन, कुणाचं कोंबडं हाकलावं तसे ‘हुर्र’ करत निघाले होते. पण याच मेहुण्यांना बँकेतल्या बाईंनी “काका, इथे एक सही करा” म्हटलं की कपाळाला घाम फुटतो, आणि “जरा लघवीला जाऊन येतो” म्हणून जे बाहेर पडतात ते थेट गावी पोचतात. कागद हा त्यांचा जन्माचा वैरी. त्यामागचा विचार त्यांनी मला एकदा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून समजावला होता. “ज्याचा कागुद असतो ते जातं, भावोजी. कागुद असला का कोनतरी सही मागाया येतो. सही केली का वस्तू गेली. या म्हशीचा कागुद नाय, म्हस हाय. जमिनीचा व्हता, जमीन कुठं हाय?” त्यांच्या वडिलांनी अंगठा दिला, मग यांनी सही दिली, आणि भाताच्या खाचरांवर आता उंच उंच इमारती उभ्या आहेत. त्यातल्या एकीच्या गेटवर रखवालदाराने मेहुण्यांना विचारलं होतं, “किसके यहाँ जाना है?” मेहुणे म्हणाले, “माझ्या विहिरीवर.” विहीर कधीच बुजवली होती.

त्यामुळे मेहुण्यांचं आधार कार्ड, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक असं सगळं अंबरनाथ पश्चिमेला आमच्या घरी, माझ्या कपाटात, माझ्या शर्टांखाली असतं. मी कंपनीच्या हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस. लिफ्टमध्ये ‘चार व्यक्ती’ लिहिलेलं असेल आणि चौघे आत असतील तर मी जिन्याने जातो, आणि वर पोचल्यावर, त्या चौघांनी माझ्यासाठी उगाच दार धरून ठेवलं होतं की काय, या विचाराने संध्याकाळपर्यंत झुरतो. दुसऱ्याची ओळखपत्रं आपल्या शर्टांखाली ठेवणं हा कुठल्यातरी कलमाखाली गुन्हा असणार अशी माझी खात्री आहे. कुठल्या, ते कुणाला विचारायची छाती होत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की मेहुणे ती मला मोठ्याने वाचायला लावतात, औषधांची नावं पाठ करतात आणि चिठ्ठी डॉक्टरांना नम्रपणे परत देतात. किराणावाल्याने पावती फाडली की ते चार पावलं मागे सरतात. दुकानदारांना वाटतं माणूस भलताच विश्वासू आहे. खरं म्हणजे माणूस भ्यालेला असतो.

अशा माणसाने जीप घेतली. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान असलेले एक म्हातारे सिंधी शेठ आहेत. मेहुणे त्यांच्याकडे पाण्याच्या पंपासाठी पट्टा घ्यायला गेले, आणि दुकानामागे ताडपत्रीखाली उभी असलेली जीप पाहून पट्टा विसरले. जुनी, बिनदरवाजाची, चारही चाकांना ताकद असलेली, कुठल्याही डोंगरावर चढेल अशी गाडी. शेठनी ती तरुणपणी हौसेने घेतली होती. आता त्यांचे गुडघे तिच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हते. चहा निवायच्या आत सौदा झाला. शेठनी किल्ली दिली, मग खणातून आरसी बुक काढून पुढे केलं. मेहुण्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“ते ऱ्हावद्या तुमच्याकडं.”

“अरे दादा, गाडी का कागज है! नाव बदलून घ्या. बगैर कागज गाडी कौन लेता है?”

“मी घेतो,” मेहुणे म्हणाले.

जगात सगळीकडे गाडी घेणारा कागदासाठी विकणाऱ्याच्या दारात चपला झिजवतो. इथे सत्तरी ओलांडलेले शेठ आरसी बुक कापडी पिशवीत घालून, रिक्षाने धक्के खात, मेहुण्यांच्या गावी येऊ लागले. “साईं, गाडी तुम्हारी, नाव माझं! उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दुकानात येणार. मेरी उमर है क्या जबाब देने की?” मेहुणे त्यांना हाताला धरून ओटीवर बसवायचे, तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढायचे, शेठ “बस, बस” म्हणत तीन भाकऱ्या खायचे, आणि निघताना मेहुणे त्यांची पिशवी वांग्यांनी गच्च भरून द्यायचे. घरी जाऊन शेठनी पिशवी उपडी केली की वांग्यांच्या तळाशी आरसी बुक. शेवटी कंटाळून त्यांनी ते माझ्याकडे आणलं. पण दुसऱ्याची अख्खी जीप शर्टांखाली ठेवण्याइतका मी निर्ढावलेलो नव्हतो. मी त्यांना सरबत दिलं, माफी मागितली आणि परत पाठवलं. त्यांचा उतरलेला चेहरा मला पुढे आठवडाभर ताटात दिसत होता.

शेठच्या जिवाला शांती म्हणून मेहुण्यांनी त्यांना एक वचन दिलं: गाडी डांबराला लावणार नाही. आणि ते त्यांनी इतकं कडक पाळलं की ती जीप म्हणजे नदीतली होडी झाली. बांधावरून, ओढ्यातून, खाणीच्या मागच्या खडीवरून, नदीच्या कोरड्या पात्रातून मेहुणे पार बदलापूरच्या बाजाराच्या तोंडाशी पोचायचे आणि तिथे गाडी चिंचेखाली उभी करून पुढे चालत जायचे. अडचण एकच होती. मध्ये एक डांबरी रस्ता आडवा जायचा. त्यावर मेहुण्यांनी तोड काढली होती. रस्ता आला की इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलत पलीकडे न्यायची. “ढकलनं म्हंजे चालवनं नाय,” हा त्यांचा कायदा.

एकदा या कायद्याच्या अंमलबजावणीत मी सापडलो. मेहुणे मागून ढकलत होते, मी स्टेअरिंग धरून बसलो होतो, आणि ऐन मधोमध गाडी अडकली. समोरून वाहतूक हवालदार येताना दिसला. त्याने काही विचारायच्या आत मी हात वर केले. “साहेब, मी सगळं सांगतो.”

“काय सांगताय?” हवालदार म्हणाला.

“गाडी आमची नाही. म्हणजे आहे. पण कागदावर...”

“अहो, मागे पाण्याचा टँकर खोळंबलाय, लोकांच्या सोसायट्या कोरड्या आहेत! उतरा खाली, वजन कमी करा.” आणि त्याने स्वतः खांदा लावून जीप पलीकडे पोचवली. मेहुण्यांनी खूश होऊन त्याच्या हातात मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या. ती भाजी होती की लाच, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मेथी मी तेव्हापासून जरा कमीच खातो.

हे असंच चालत राहिलं असतं. पण मेहुण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, अंबरनाथला एका दवाखान्यात नोकरीला, बापाच्या शेजारी बसून त्याच जीपचं स्टेअरिंग धरायला शिकलेली. तिने एकच हट्ट धरला. सासरी जाईन ती आपल्या जीपमधून, आणि बाबाच चालवणार. मेहुणे हरखले. त्यांनी लगेच काठीने अंगणात नकाशा काढला: ओढा, खाण, रेल्वेमागचं माळरान...

“आणि रस्ता आला की?” पोरीने विचारलं.

“ढकलू. वऱ्हाडात पोरं काय कमी हायत?”

“बाबा, मी नवरी आहे, बंद पडलेला टेम्पो नाही! रस्त्यावरून न्यायचं असेल तर न्या. नाहीतर मी रिक्षाने जाते.”

ती आत निघून गेली. मेहुणे दोन दिवस जेवले नाहीत. कागद केला तर गाडी जाणार, नाही केला तर पोर रिक्षाने जाणार. माझ्या बायकोने जाऊन समजावलं, मी कलमं सांगून घाबरवलं. ते नुसते जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे.

लग्नाचं आमंत्रण घ्यायला शेठ आले ते पिशवी घेऊनच आले. नाव बदलायच्या अर्जावर त्यांनी आपल्या सह्या आधीच करून ठेवल्या होत्या. पोर आत होती, बाकी आम्ही सगळे ओटीवर होतो. मेहुणे मला म्हणाले, “लिवा, भावोजी. पन माझं नाव नको. पोरीचं लिवा.”

“दादा, वो तो ससुराल जाएगी,” शेठ गोंधळले. “गाडी इथे, मालकीण तिथे?”

“म्हनूनच,” मेहुणे म्हणाले. मग त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. “हिची सही घेतली मी. जमिनीच्या हक्कसोडीची. घरी बोलावलं, जेवू घातलं, साडी दिली, सही घेतली. मंग जमीन पन गेली. तवापासून ही येते ती पावनी म्हनून येते. चार वाजले का पिशवी उचलते. या घरात तिच्या नावाचं एक मडकं नाय.” ते थांबले. “पोरीचं तरी कायतरी ऱ्हावदे इथं.”

आमच्याकडच्या घरोघरी अशा सह्या झाल्या आहेत. त्या सहीच्या दिवशी बायकोला गावी सोडायला मीच गेलो होतो, आणि जेवण फार छान झालं होतं. मी मान खाली घातली. बायको मात्र पदराने नाक पुसून म्हणाली, “साडी तरी धड घ्यायची होतीस, दादा. पहिल्या धुण्यात रंग गेला.”

मेहुणे हसले, शेठही हसले, आणि पोरीने आतून येऊन सही केली. मेहुण्यांना पेन हातात धरावंच लागलं नाही. पुढचं पासिंग, विमा, खेटे हे सगळं मी केलं, आणि खरं सांगतो, इतके निष्पाप दिवस मी आयुष्यात क्वचित काढले आहेत.

पाठवणीला मेहुण्यांनी जीप पहिल्यांदा डांबरावर घातली. ती त्यांनी इतकी हळू चालवली की बँडवाले पुढे निघून गेले. वळण नसतानाही ते हात दाखवत होते. “बाबा, मुद्दाम उशीर करताय ना?” पोरीने विचारलं. “रस्ता नवा हाय,” ते म्हणाले. अंबरनाथला तिच्या सासरच्या दारात उतरल्यावर त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती परत त्यांच्या खिशात घातली. “माझी गाडी आहे ना? मग ती आपल्या अंगणातच राहील.”

ती आता तिथेच असते. पण मेहुण्यांचा नवा कायदा असा की मालकिणीला विचारल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. नदीवर जायचं असलं, खत आणायचं असलं, तरी आधी अंबरनाथला फोन. “काढू का गं?” पोरगी कधी हो म्हणते, कधी दवाखान्यात गर्दी असते, फोन लागत नाही. मग ते थांबतात. ज्या माणसाने बिबट्याला वाट विचारली नाही, तो लेकीच्या परवानगीसाठी अंगणात खोळंबून राहतो.

परवाच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा मेहुणे उभ्या जीपमध्ये स्टेअरिंगमागे बसले होते. मी शेजारी चढून बसलो. “कुठे निघालात?”

“कुठं नाय. विचारलं. ‘आज नको, बाबा, संध्याकाळी सांगते’ म्हनाली.” त्यांनी गमछ्याने समोरची काच पुसली. “मालकीन हाय ती.”

आत त्यांची बहीण वहिनीशी बोलत होती. चार वाजून गेले होते आणि तिने अजून पिशवी उचलली नव्हती. मेहुण्यांनी फोन शर्टाच्या खिशातून काढून समोरच्या फळीवर, वाजला तर लगेच दिसेल असा, उताणा ठेवला, आणि आम्ही दोघे बंद गाडीत बसून राहिलो.