सईचा पहिला रोलप्लेइंग गेम

मंडळी, दुपारपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

माझी धाकटी बहीण सई पाचगणीच्या होस्टेलवरून सुट्टीला दहिवडीला आलीय. तिची परीक्षा चालू होती तेव्हा आई सांगलीला दवाखान्यात होती. "पेपर होऊ देत, मग सांगू," असं घरच्यांनी ठरवलं. आई तोवर थांबली नाही, पेपर संपायच्या आधीच गेली. सई तेव्हा रडलीच नाही. नंतर तिचं बोलणंही कमी झालं.

आज तिचं मन रमावं म्हणून मी रोलप्लेइंग गेम काढला. मी गोष्ट सांगायची, तिनं त्यातलं एक पात्र व्हायचं, काही अवघड करायचं असेल तर फासा टाकायचा. सई घोडेस्वार झाली. चक्क हसली.

मी ओघात बोलून गेलो, "किल्ल्यावर खजिना आहे. वाटेत एका घरात एक बाई आजारी आहे. काय करतेस?"

"मी तिच्यापाशी बसते."

"बरं, टाक फासा."

"नुसतं बसायला फासा कशाला लागतोय, दादा?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं.

"ती बाई काय म्हणती?" सईनं विचारलं.

या खेळात बाकी सगळ्यांचं बोलणं मलाच बोलावं लागतं. मी कसंबसं म्हणालो, "आलीस व्हय गं? जेवलीस का?"

सई गुडघ्यात डोकं घालून खूप रडली. मीही रडलो.

शांत झाल्यावर म्हणाली, "उद्या इथनंच पुढं खेळू. तिला बरी करू नकोस. पण मारू पण नकोस."

तुमच्यात कुणी असे गेम चालवत असेल, तर सांगा. उद्या मी गोष्ट कुठं नेऊ?