ऐकू न येणारा कंडक्टर

नातवंडांनो, तुम्हीही आता हायस्कूलला जाणार, म्हणून आमच्या मुखेड बसच्या कंडक्टरबद्दल लिहिते. मागच्या सीटवर कुणी सुपारी फोडली तरी त्याला ऐकू येतं.

शेजारची प्रणिता आठवीला मुखेडला जाणार होती. आवाज फार बारीक. एकटीला बस थांबवता आली नाही, तर वडील शाळेला पाठवणार नव्हते. म्हणून मी तिला सरावाला नेलं.

परतताना ती पुटपुटली, "मामा, आमचा फाटा." कंडक्टर तिकिटंच देत राहिला. फाटा मागे गेला. मी उठले.

"आजी, तुमी गप बसा. तिला बोलू द्या," कंडक्टर म्हणाला.

तेव्हा प्रणिता ओरडली, "ओ मामा, थांबवा की! आजीचे गुडघे दुखायलेत!"

"हाव, आता आलं ऐकू," म्हणत त्याने घंटी ओढली.

आम्ही मैलभर मागे चालत आलो. वडिलांना मी एवढंच सांगितलं, की तिने बस थांबवली. प्रणिता अजून त्याच बसने शाळेला जाते.