फ्लेक्सवरचं कुंकू

चौदा डिसेंबर. आबांच्या रानात कापसाची शेवटची वेचणी चालली होती. आम्ही बाया आपापली ओळ धरून पुढं सरकत होतो. बांधाजवळच्या रस्त्यानं प्रचाराचा टेम्पो आला. भोंगा वाजत होता, दोन्ही बाजूंना फ्लेक्स बांधले होते. फ्लेक्सवर पॅनेलच्या उमेदवारांचे फोटो. त्यात मी होते. कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू.

शेजारच्या ओळीतली शांता कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "का गं, लगीन लागलं का काय तुजं? आमाला जेवाण न्हाई."

सगळ्या हसल्या. माझ्या ओटीतला कापूस खाली सांडला होता. तो मातीतून उचलत बसले.

मी बौद्ध. लग्न पांढऱ्या साडीत झालं. कुंकू मी कधीच लावलं नाही. आमच्या वस्तीत लावणाऱ्या आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवशी गावातल्या बाया भेटायला आल्या. त्यातल्या एका म्हातारीनं माझी हनुवटी वर केली आणि कपाळावरून अंगठा फिरवला. पुसायला काही नव्हतं. तरी फिरवला. रीत म्हणून. तो खरखरीत अंगठा मला अजून जाणवतो. भाकरी थापताना, भांडी घासताना, मधेच. मान झटकायची आणि कामाला लागायचं.

पुसायला आले तेव्हा नव्हतं. आता मतांसाठी गावानंच लावलं.

आमच्या वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा या वेळी अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली. आबा गावातले मोठे शेतकरी. चौकात त्यांचं खत-बियाण्याचं दुकान. पॅनेलही त्यांचंच. ते स्वतः वस्तीवर आले आणि तू उभी राहा म्हणाले. मला वाटलं, वस्तीच्या नळासाठी मी तालुक्याला खेटे घातले, ते यांनी पाहिलं असेल. फोटो मागितला. दिला.

संध्याकाळी सासूला दवाखान्यातून घेऊन येत होते. वेशीपाशी तोच फ्लेक्स लावलेला, माणसाच्या उंचीचा. सासू थांबली. डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, "ही कोण गं? तुज्यासारखीच दिसती."

फ्लेक्सवरची बाई माझ्याकडं बघत होती. डोळे माझे, हनुवटी माझी, कपाळ दुसऱ्याच कुणाचं. जिचा नवरा घरी वाट बघतोय अशा बाईचं. पाठ फिरवली तरी ती मागून येतेय असं वाटत राहिलं. पुढं डेअरीपाशी ती होती. शाळेच्या भिंतीवर होती. सासूचा हात धरून मी खाली बघत घर गाठलं.

तिला घरात बसवलं आणि तशीच आबांच्या दुकानात गेले. पाच-सहा माणसं खताच्या पोत्यांवर बसलेली. मी उभी. म्हणाले, आबा, ते कुंकू काढा.

आबा रागावले नाहीत. चहा पीत लहान पोराला समजवावं तसं समजावून सांगू लागले. मोकळं कपाळ बरं दिसेना, म्हणून पुतण्यानं कॉम्प्युटरवर लावलं. त्यात काय एवढं. वर म्हणाले, उद्यापासून दारोदार प्रचार आहे, त्यात तू येऊ नको. सकाळी सकाळी विधवा बाई दारात उभी राहिली की लोक मनात धरतात. फोटो फिरेल, तेवढं पुरे.

मी विचारलं, निवडून आल्यावर मीटिंगलाही फोटोच बसवणार का?

पोत्यावरचा एकजण शेजारच्याला म्हणाला, "फोटूच बरा रं. च्या बी मागत न्हाई."

दुकान हसलं. आबा हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुला घेतलं ते तू गप बसतीस म्हणून. आता बी गप बस. न्हाई तर वस्तीत बाया लई हायेत."

म्हणजे नळाचा काही संबंधच नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या रानात मान खाली घालून राबले, ती मान त्यांनी हेरली होती. तो अंगठा पुन्हा कपाळावर आला. या वेळी मी मान झटकली नाही.

"माघारीची तारीख गेली, आबा," मी म्हणाले. "बाया कितीबी असू द्या, मशीनवर नाव माजंच ऱ्हाणार. तुमच्या पॅनेलमदून मी निघाले. माजा फोटू काढून टाका."

"मंग उद्यापासनं रानात यायचं न्हाई."

"न्हाई येत."

घरी सासूला सांगितलं. आता कुणाच्या रानात जाशील, एवढंच तिनं विचारलं. शोधीन म्हणाले. चूल पेटवली.

दुसऱ्या दिवशी पॅनेलवाले देवळात नारळ फोडून मग फिरायला निघणार होते. मी त्याच्या आधीच बाहेर पडले. धुतलेली साडी, मोकळं कपाळ. पहिलं दार आबांचं. त्यांचं घर माझ्याच वॉर्डात येतं. त्यांची सून अंगणात रांगोळी काढत होती. मला बघून तिची चिमूट थांबली. हळूच म्हणाली, "मावशी, आत्ता नका ना. दुपारी या."

मी जागची हलले नाही. आबा टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले. टॉवेल खाली घेतला तर समोर मी.

"आबा, मी उभी हाय. निशाणी छत्री. तुमच्या घरातली मतं मागाय आले."

त्यांनी सुनेला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. लावू देत. मतदानापर्यंत रोज सकाळी मी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहणार. ज्याला अपशकुन वाटेल त्यानं डोळे मिटून घ्यावेत.

मी शेजारच्या घराची कडी वाजवली.